चिंचोक्याची खळ

घोंगडी विणणाऱ्या सणगरांचा माग घरात, खड्ड्यावर. पण ताण्याला खळ लावायचं काम बाहेर उन्हात चालतं. ताणा दोन्हीकडून खेचून बांधायचा आणि त्यावर खळीचा कुंचा फिरवायचा. दख्खनी मेंढीची लोकर भरड. हातानं कातलेल्या सुतातून केस सगळीकडून बाहेर आलेले असतात. तसंच सूत मागावर चढवलं तर केस केसांत अडकतात आणि धागा तुटतो. ते केस सुताशी चिकटवून बसवायचे, एवढंच खळीचं काम.

ही खळ चिंचोक्याची. चिंचोके भाजून वरचं तपकिरी टरफल काढतात, आतला पांढरा गर वाटून पाण्यात शिजवतात. शिजवल्यावाचून चालत नाही, कारण गराचा मोठा भाग झायलोग्लुकन असतो. ही साखरेच्या घटकांची लांबच लांब साखळी गार पाण्यात फुगते, पण पुरती विरघळत नाही.

पातेल्याशी बसलेल्या आजींनी खळीत दोन बोटं बुडवली आणि सावकाश फाकवली. तार आली, लांबली, मध्ये बारीक होत गेली. मग पुन्हा बोटं बुडवून ती झटक्यात फाकवली. या वेळी तार लवकर तुटली आणि तुटलेलं टोक बोटाकडे आखडलं. "पाणी घाल गं थोडं," त्या सुनेला म्हणाल्या.

खळीत या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. हळू ओढलं तर गुंता सुटायला सवड मिळते आणि खळ वाहते. झटका दिला तर ती सवड मिळत नाही. मग तीच खळ क्षणभर रबरासारखी वागते. प्रयोगशाळेत ऱ्हिओमीटर नेमकं हेच मोजतो. सपाट तबकडी आणि पसरट शंकू यांच्यामध्ये थोडं द्रावण ठेवून शंकू मागेपुढे हलवतात, आधी संथ, मग जलद. संथ हालचालीत द्रवपणा वरचढ ठरतो, वेग वाढत गेला की लवचिकपणा.

कुंच्याखाली आणखी एक गोष्ट घडते. घासताना साखळ्या ओढीच्या दिशेनं लागतात, दाटपणा उतरतो आणि खळ केसांच्या आत शिरते. कुंचा पुढे सरकला की त्या पुन्हा गुंततात, म्हणून खळ सुतावरून ठिबकत नाही. दाटपणा एकाच आकड्यात सांगणाऱ्या तपासण्यांवर म्हणूनच माझा फारसा विश्वास नाही. कुठल्या वेगाला दाट, ते आधी सांगा! आजींनी निदान दोन वेगांना बघितलं होतं.

स्टार्चची खळ गार झाली की थिजते, पुढे पाणीही सोडते. चिंचोक्याची तशी थिजत नाही, कारण साखळीला फुटलेल्या आखूड फांद्या शेजारच्या साखळीला पुरतं बिलगू देत नाहीत. त्यात भरपूर साखर घातली, तर मात्र साखर पाणी ओढून घेते, साखळ्या जवळ येतात आणि जेली बनते. जपानमध्ये हाच चिंचोक्याचा डिंक सॉस दाट करायला वापरतात.

उरलेल्या खळीचा दुसऱ्या दिवशी भरवसा नसतो. उन्हाळ्यात तर जंतू साखळ्या तोडायला लगेच सुरुवात करतात; आंबूस वास येतो, खळ पातळ होते, तार आखूड पडते. त्यामुळे ताण्याला लागेल तेवढीच शिजवायची. आणि आभाळ भरून आलं असेल तर चूल पेटवायचीच नाही, कारण खळ लावलेला ताणा वाळायला ऊन लागतं.