हरलेला सामना संपतो, निर्णय संपत नाही

२१ मे २०१७, रविवारची रात्र. हैदराबादमध्ये आयपीएलचा अंतिम सामना रंगला होता. मुंबईने १२९ धावा केल्या होत्या. रायझिंग पुणे सुपरजायंटला शेवटच्या षटकात ११ धावा हव्या होत्या आणि अखेरच्या चेंडूवर चार. निघाल्या दोनच. पुणे एका धावेने हरले.

पंचावन्नच्या आसपासचा, रक्तदाबाची गोळी घेणारा, गहुंजेला जाऊन सामने पाहिलेला एक पुणेकर चाहता डोळ्यांसमोर आणा. त्या एका धावेबद्दल आज त्याला विचारले, तर 'खेळात हार-जीत चालायचीच' असे म्हणून तो मोकळा होईल. पण मग त्याची खरी तक्रार सुरू होईल. धोनीला कर्णधारपदावरून का काढले? पुण्याचा संघ पुण्यात का टिकला नाही? हे ठरवले कोणी, आणि आम्हाला विचारले कोणी? बोलता बोलता त्याचा आवाज चढेल, कानशिले तापतील. सामन्याला इतकी वर्षे उलटली, तरीही.

पराभव पचतो, पण व्यवस्थापनाचा निर्णय पचत नाही, असे का होते? हा प्रश्न केवळ खेळाच्या पानाचा नाही. त्याचा संबंध मेंदूशी, रक्तदाबाशी आणि हृदयाशीही आहे.

पुणेकराची तक्रारवही

या चाहत्याची बाजू आधी ऐकून घेऊ. मार्च २०१० मध्ये सहारा समूहाने ३७ कोटी डॉलर मोजून पुण्याचा संघ घेतला. तोपर्यंतची आयपीएलमधली ती सर्वांत मोठी बोली होती. 'पुणे वॉरियर्स' २०११ मध्ये मैदानात उतरला, पण गहुंजेचे मैदान तयार नव्हते. त्यामुळे 'घरचे' सामने झाले नवी मुंबईत, नेरूळला. तीन हंगामांत युवराज सिंग, सौरव गांगुली, अँजेलो मॅथ्यूज, रॉस टेलर, ॲरन फिंच असे कर्णधार बदलत राहिले. ४६ सामन्यांत विजय मिळाले १२. शेवटी २०१३ मध्ये शुल्काच्या वादातून मालकांनीच अंग काढून घेतले.

२०१६ मध्ये नवा मालक आणि नवा संघ आला. चेन्नई आणि राजस्थानच्या संघांवर दोन वर्षांची बंदी होती, त्यांची जागा भरण्यापुरताच हा पाहुणा. त्या वर्षी राज्यात दुष्काळ होता. न्यायालयाच्या आदेशाने हंगामाच्या उत्तरार्धातले सामने महाराष्ट्राबाहेर गेले आणि पुण्याचे घर विशाखापट्टणमला हलले. २०१७ च्या हंगामापूर्वी धोनीऐवजी स्टीव्ह स्मिथ कर्णधार झाला, बेन स्टोक्सला १४.५ कोटी रुपयांना घेतले आणि 'सुपरजायंट्स' या नावातला शेवटचा 'स' देखील गळाला. हंगाम संपला, आणि संघही.

फुटबॉलची कथा वेगळी नाही. २०१४ पासून बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला. इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. २०१७ चे निर्णय निकालाच्या कसोटीवर वाईट ठरले नव्हते. आदल्या वर्षी सातव्या क्रमांकावर राहिलेला संघ थेट अंतिम फेरीत गेला आणि स्टोक्स स्पर्धेतला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. तरीही चाहत्याचा राग गेला नाही. म्हणजे या रागाचे मूळ निकालात नव्हतेच.

'आपण' जिंकलो, 'ते' हरले

१९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला, की पुढच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढे. सामन्याचे वर्णन करताना विजयानंतर 'आपण' हा शब्द अधिक येई, तर पराभवानंतर तो मागे पडे. आपल्याकडेही 'आपण जिंकलो' आणि 'ते हरले' हे रोज कानावर पडते. पराभवापासून थोडे दूर सरकणे ही मनाची संरक्षक युक्ती आहे.

मात्र संघाशी ज्याची नाळ घट्ट जुळलेली असते, त्याला ही युक्ती साधत नाही. तो हरल्यावरही 'आपण'च म्हणतो. गावाचे नाव छातीवर घेऊन खेळणारा संघ त्याच्यासाठी ओळखीचा भाग झालेला असतो. म्हणून संघाचा कर्णधार बदलला किंवा संघच दुसऱ्या शहरात गेला, की त्याला ती मालकाची व्यावसायिक बाब वाटत नाही. आपल्या घरातली वस्तू कोणी न विचारता उचलून नेली, असे वाटते. मालकाच्या हिशेबात तो ग्राहक असतो. स्वतःच्या मनात तो घरचा असतो. ठिणगी पडते ती इथे.

सामना पाहणारे हृदय

बसून सामना पाहणे हा आराम आहे, हा समज खरा नाही. कॅनडात मॉन्ट्रियलच्या आइस हॉकी संघाच्या चाहत्यांवर २०१७ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. टीव्हीवर सामना पाहताना त्यांच्या नाडीचा वेग सुमारे ७५ टक्क्यांनी वाढला, तर प्रत्यक्ष मैदानात तो दुपटीहून अधिक झाला. भरभर जिना चढताना हृदयाला जेवढे काम पडावे, तेवढे खुर्चीत बसल्या बसल्या पडत होते.

२००६ ची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा जर्मनीत झाली. त्या काळात म्युनिक परिसरातल्या हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद डॉक्टरांनी ठेवली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा घटनांचे प्रमाण इतर दिवसांच्या २.६६ पट होते. ज्यांना आधीच हृदयधमन्यांचा आजार होता, त्यांच्यात ते सुमारे चौपट होते. सामना सुरू झाल्यावर पहिल्या दोन तासांत धोका सर्वाधिक होता. संघ जिंकतो की हरतो यापेक्षा सामना किती ताणलेला आहे, हे महत्त्वाचे ठरले. सर्वच अभ्यासांत अशी वाढ दिसलेली नाही आणि निरोगी माणसाचा एका सामन्यापुरता धोका लहानच असतो. पण रक्तदाब, मधुमेह, तंबाखू किंवा जुना हृदयविकार सोबत असेल, तर ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

हातात नसलेले चक्र

सामन्याचा ताण तीव्र असला तरी त्याला शेवट असतो. पंच यष्ट्यांवरच्या बेल्स उडवतात, ॲड्रिनलिन ओसरते, नाडी उतरते. निर्णयाच्या रागाला असा शेवटचा चेंडू नसतो. त्याचे कारण समजून घ्यायला एक जुना प्रयोग उपयोगी पडतो.

अमेरिकेतले शास्त्रज्ञ जे वाइस यांनी १९७० च्या सुमारास उंदरांवर प्रयोग केले. दोन उंदरांना अगदी सारखेच विजेचे सौम्य झटके बसत. एकाच्या समोर चक्र होते. ते फिरवले की दोघांचेही झटके थांबत. दुसऱ्याच्या हाती काहीच नव्हते. झटके दोघांना सारखेच, पण जठरात व्रण अधिक झाले ते दुसऱ्याला. इजा तेवढीच असूनही ती थांबवण्याचा उपाय हाती नसणे शरीराला अधिक महागात पडले.

चाहता या दुसऱ्या उंदराच्या जागी असतो. तिकीट काढण्याचा आणि टीव्हीपुढे बसण्याचा हक्क त्याला आहे, लिलावात, निवडीत किंवा संघ विकण्यात मत नाही. म्हणून तो एकच काम करतो, जे त्याच्या हाती आहे असे त्याला वाटते. तोच निर्णय मनात पुन्हा पुन्हा घोळवतो. कट्ट्यावर बोलतो, रात्री मोबाइलवर वाचतो, अनोळखी माणसांशी वाद घालतो. रागाचा प्रसंग नुसता आठवला तरी रक्तदाब पुन्हा चढतो, आणि मन त्यातच अडकून राहिले तर तो उतरायला अधिक वेळ घेतो, हे प्रयोगांत दिसले आहे. झोप उडते. झोप कमी झाली, की दुसऱ्या दिवशीचा रक्तदाब आणि चिडचिड दोन्ही वाढतात.

रागाच्या भडक्याची किंमतही मोजली गेली आहे. २०१४ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. संतापाच्या झटक्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे पावणेपाच पट आढळला. एखाद्या भडक्याने वाढणारा प्रत्यक्ष धोका थोडा असतो. पण रोज भडकणाऱ्याचा हिशेब वेगळा होतो.

राग चुकीच्या पत्त्यावर

ज्याच्यावर राग आहे तो समोर दिसत नाही, तेव्हा तो दिसेल त्याच्यावर निघतो. मुंबईने हे २०२४ मध्ये पाहिले. पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माऐवजी मुंबई इंडियन्सने डिसेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्याला कर्णधार नेमले. निर्णय व्यवस्थापनाचा होता. हुर्यो मात्र मैदानात उतरणाऱ्या पंड्याची उडवली गेली, तीही वानखेडेवर, घरच्या प्रेक्षकांकडून. तो हंगाम मुंबईने तळाला संपवला. त्यानंतर २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाचे शेवटचे षटक पंड्यानेच टाकले आणि भारत जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. खेळाडू तोच आणि मैदानही तेच. त्याच्यावर काढलेला राग मुळात त्याचा नव्हताच.

घरातही हेच घडते. व्यवस्थापनावरचा राग मुलाच्या गुणपत्रिकेवर किंवा ताटातल्या भाजीवर निघतो. मैदानावरचा खेळाडू निदान पगार घेऊन तो झेलतो. घरच्यांचा त्यात काय दोष?

मग चाहत्याने करायचे काय?

'सामने पाहणे सोडा' हा सल्ला सोपा आहे, पण बरोबर नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वान यांच्या अनेक वर्षांच्या अभ्यासात गावच्या संघाशी जोडलेली माणसे कमी एकाकी आढळली. उतारवयाकडे झुकलेल्या माणसाला मित्र, गप्पा आणि पुढच्या आठवड्याची वाट पाहायला कारण देणारी गोष्ट सहजी सोडायला सांगू नये. सांगायचे ते एवढेच, की जे चक्र आपल्या हातात आहे ते फिरवा.

काही ठिकाणी चाहत्यांनी ते खरोखर फिरवले आहे. लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबला मिल्टन कीन्स या शहरात हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला. तळाच्या श्रेणीतून वर चढत तो पुढे व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला. जर्मनीत तर बहुतेक फुटबॉल क्लबांमध्ये मतांचे बहुमत सभासदांकडेच राहील असा नियम आहे. आपल्याकडे अशी सोय नाही. तरी तिकीट न घेणे, संघाला सविस्तर पत्र लिहिणे, आणि आपला वेळ शाळेच्या मैदानाला, पेठेतल्या कबड्डी मंडळाला किंवा क्लब क्रिकेटला देणे हातात आहे. तिथे चाहत्याचे मत ऐकले जाते.

बाकीचे पथ्य वैद्यकीय आहे. चर्चेला वेळ ठरवून द्या: अर्धा तास बोला, मग विषय बंद. सामन्यानंतर मोबाइल बाजूला ठेवून वीस मिनिटे चाला. तापलेल्या शरीराला उतरायला ही वाट मिळते. रात्रीचा सामना असला तरी रक्तदाबाची आणि हृदयाची गोळी चुकवू नका. ताणाच्या वेळी सिगारेट, तंबाखू आणि मद्य यांची जोड हृदयावरचा भार वाढवते.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. छातीत दाब, कळ किंवा जळजळ, ती डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, दम लागणे अशी लक्षणे दिसली, तर 'ॲसिडिटी असेल, सामना संपल्यावर बघू' म्हणू नका. मधुमेही आणि स्त्रियांमध्ये छातीत कळ न येता नुसता दम, मळमळ किंवा प्रचंड थकवाही असू शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. हृदयविकाराच्या झटक्यात जितका वेळ जातो, तितका हृदयाचा स्नायू जातो. शेवटचे षटक पुन्हा पाहता येते, स्नायू परत मिळत नाही.

तक्रारवहीचे शेवटचे पान मात्र वेगळे आहे. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने प्रो कबड्डी लीगच्या अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवले आणि पहिले विजेतेपद मिळवले. सामना झाला तोही हैदराबादमध्येच. पुण्याचा तो चाहता त्या रात्री काय म्हणाला असेल, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. 'आपण जिंकलो!' त्या आनंदात झोपण्याआधी रक्तदाबाची गोळी घ्यायला तो विसरला नसेल, तर तो विजय पूर्ण झाला म्हणायचा.