जुन्या माउझर पिस्तुलाचें मर्मस्थान

जर्मनीतल्या माउझर कारखान्याचें १८९६ सालच्या बनावटीचें स्वयंभरण पिस्तूल हातीं घेतलें कीं त्याच्या भरदार पोलादावर विश्वास बसतो. पण त्याचें मर्म एका लहानशा खिळींत आहे.

गोळी सुटतांच नळी आणि बोल्ट क्षणभर जोडीनें मागें सरकतात. मग खालचा अडसर उतरतो व बोल्ट एकटाच मागें धांवतो. त्याला अखेर थोपविते ती त्याच्यांतून आडवी गेलेली ही खीळ. वर्षानुवर्षें दबून स्प्रिंग शिथिल झाली, कीं बोल्टाचा आघात तिच्यावर अधिक जोरानें बसतो. ती तुटली, तर बोल्ट नेमबाजाच्या तोंडावर येऊं शकतो.

रशियन टोकारेव्ह पिस्तुलाचें काडतूस यांत बसतें. पण तें बहुधा अधिक जोरकस असतें. बसतें तें सोसतेंच, असें नाहीं. म्हणून जाणत्या कारागिरानें खीळ तपासून स्प्रिंग बदलल्यावांचून असें पिस्तूल झाडूं नये.