सुपर कॉम्प्युटर शिकायचाय? सुरुवात गावातूनही होते. खान्देशातील विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षणाच्या वाटा कोणत्या?

जळगाव/धुळे : केळीचा घड कापणीला आला की रावेर-यावलच्या शेतकऱ्याचे अर्धे लक्ष बागेत आणि अर्धे आभाळाकडे असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, मध्येच वादळी वारा सुटतो आणि उभी बाग तासाभरात आडवी होते. अशा वेळी जो तो मोबाइल काढून हवामानाचा अंदाज बघतो. त्या अंदाजामागचे गणित दोन ठिकाणच्या महासंगणकांवर होते. एक पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत. त्याचे नाव ‘अर्का’. दुसरा नोएडात, त्याचे नाव ‘अरुणिका’.

हे महासंगणक म्हणजे आपल्या बोलण्यातले सुपर कॉम्प्युटर. ते चालवायला माणसे लागतात. ही माणसे फक्त आयआयटीतच तयार होतात, असा समज गावाकडे आहे. बीएस्सी, एमएस्सी किंवा इंजिनीअरिंग करणारी पोरे-पोरी ‘ते आपलं काम नाही’ म्हणून वाट सोडून देतात. प्रत्यक्षात हे यंत्र वापरायला त्याच्याजवळ जाऊन बसावे लागत नाही. परवानगी मिळाली की जळगावच्या वसतिगृहातून किंवा शिरपूरच्या घरातूनही साध्या लॅपटॉपवर इंटरनेटने त्यात शिरता येते. अडते ते शिकण्यापाशी. आणि शिकण्याचा पहिला टप्पा घरबसल्या, जवळपास फुकटात पार पडतो.

सुपर कॉम्प्युटर म्हणजे नेमके काय?

हा एकच मोठा संगणक नसतो. शेकडो-हजारो संगणक एकमेकांना वेगवान तारांनी जोडून एकाच कामाला लावलेले असतात. त्याची ताकद ‘पेटाफ्लॉप’मध्ये मोजतात. एक पेटाफ्लॉप म्हणजे एका सेकंदात एकावर पंधरा शून्ये, म्हणजेच एक हजार लाख कोटी आकडेमोडी. पुण्याच्या ‘अर्का’ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे आणि नोएडाच्या ‘अरुणिका’ची ८.२४.

एवढी ताकद कशाला लागते? हवामानाचा अंदाज काढताना सगळ्या पृथ्वीवर चौकटी आखतात आणि प्रत्येक चौकटीतला वारा, तापमान, बाष्प यांचे गणित पुन:पुन्हा सोडवतात. चौकट जितकी लहान, तितका अंदाज गावाच्या जवळ येतो. पण गणित अनेक पटींनी वाढते. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’मध्ये ही चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. हे काम साध्या संगणकाच्या आवाक्यातले नाही.

हवामान सोडा, केळीचेच बघा. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी केळीचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. तो सुमारे ५२ कोटी अक्षरांचा आहे. रोगाला तोंड देणारे वाण शोधायचे तर अशा अनेक झाडांचे आराखडे एकमेकांशी ताडून बघावे लागतात. रावेर-यावल भागात सीएमव्ही रोगामुळे ज्यांनी बागा उपटल्या, त्यांना या संशोधनाची किंमत वेगळी सांगायला नको. नवीन औषधाचा रेणू शोधणे, धरणफुटीचे पाणी कुठवर जाईल हे काढणे, आकाशगंगेचा अभ्यास, कृत्रिम बुद्धिमत्ता अशी कितीतरी कामे याच यंत्रावर होतात.

मग वेगळे प्रशिक्षण कशाला?

संगणक येतो म्हणून सुपर कॉम्प्युटर येतोच असे नाही. कारण काम हजार ठिकाणी कसे वाटायचे, हे यंत्र आपोआप ठरवत नाही. ते माणसाने लिहून द्यावे लागते.

गावजेवणातल्या भरिताचे उदाहरण घ्या. समजा सगळे काम एका माणसाला दहा तासांचे आहे. त्यातले वांगी भाजणे, सोलणे, ठेचणे, मिरच्या-लसूण निवडणे हे नऊ तासांचे काम वाटून घेता येते. शेवटी एकाच कढईत फोडणी देऊन परतायला एक तास लागतो. तो काही वाटता येत नाही. नऊ माणसे लावली तर काम दोन तासांत होते. नव्वद लावली तर एक तास सहा मिनिटे. नऊशे लावली तरी एक तासाच्या आत भरीत होणार नाही. उलट माणसे एकमेकांच्या पायात येतील.

सुपर कॉम्प्युटरचेही तसेच आहे. कोणते काम वाटता येते, कोणते नाही, वाटलेल्या कामांनी एकमेकांना निरोप कधी द्यायचा, हेच या शिक्षणाचे मूळ आहे. त्यासाठी ‘ओपन एमपी’, ‘एमपीआय’ आणि ग्राफिक्स कार्डासाठी ‘कुडा’ अशी साधने शिकवली जातात.

दुसरी गोष्ट रांगेची. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर कापसाची गाडी नंबर लावते, तसेच इथे प्रत्येकाचे काम नंबरात लागते. ‘स्लर्म’ नावाची प्रणाली बऱ्याच ठिकाणी ही रांग सांभाळते. किती प्रोसेसर हवेत, किती मेमरी, किती तास, हे आधी लिहून द्यायचे. उगाच जास्त मागितले तर नंबर लांबतो. वेळ कमी मागितला तर काम अर्ध्यावर बंद पडते. नवखा विद्यार्थी पहिल्यांदा इथेच अडखळतो, आणि दोन-चार दिवसांच्या कार्यशाळेत हीच अडचण सुटते.

महाराष्ट्राला हे नवीन नाही

१९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून हवा तो सुपर कॉम्प्युटर मिळेना. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा देशी महासंगणक उभा केला. या कामाचे नेतृत्व डॉ. विजय भटकर यांनी केले. ते मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. म्हणजे भुसावळहून रेल्वेने निघाले तर काही तासांच्या अंतरावरचे खेडे.

पुढे २०१५ मध्ये केंद्र सरकारने ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन मंजूर केले. सी-डॅक आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था ते राबवतात. पुण्याच्या आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ बसला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. त्यातला पुण्याचा ‘परम रुद्र’ नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या संशोधनासाठी आहे.

सरकारने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार या मिशनच्या यंत्रांचा फायदा २०० हून अधिक शैक्षणिक संस्थांतील १० हजारांवर संशोधकांना झाला, तर २२ हजारांवर लोकांना प्रशिक्षण मिळाले. त्यात खान्देशातल्या पोरांची संख्या वाढवायची असेल तर पुढच्या वाटा माहीत हव्यात.

पहिली वाट : घरबसल्या

सुपर कॉम्प्युटरवर विंडोज नसते, लिनक्स असते. त्यामुळे पहिली पायरी लिनक्सची. जुन्या लॅपटॉपवरही ते फुकट टाकता येते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे छोटे व्हिडिओ धडे मराठीतून मोफत आहेत. इंग्रजीची धास्ती असणाऱ्यांसाठी ही चांगली सुरुवात आहे.

त्यानंतर एक भाषा नीट शिकावी. सी किंवा फोरट्रान, आणि जोडीला पायथन. मग ‘स्वयम’ आणि ‘एनपीटेल’वर समांतर प्रोग्रामिंग आणि ग्राफिक्स प्रोसेसरवरचे आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स बघावेत. नोंदणी आणि शिकणे मोफत आहे. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर शुल्क भरावे लागते. साधारण जानेवारी आणि जुलैमध्ये नवे सत्र सुरू होते.

व्हिडिओ मोबाइलवर बघता येतात, पण सराव मात्र कीबोर्डवरच करावा. घरी लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये वेळ मागून घ्यावा. आजच्या साध्या लॅपटॉपमध्येही चार-आठ कोअर असतात. काम वाटून देण्याचे पहिले धडे तेवढ्यावर गिरवता येतात.

दुसरी वाट : कार्यशाळा

राष्ट्रीय मिशनखाली आयआयटी खरगपूर, मद्रास, गोवा आणि पालक्कड येथे प्रशिक्षणाची केंद्रे आहेत. विद्यार्थी, संशोधक आणि प्राध्यापकांसाठी तिथे कार्यशाळा होतात. काही प्रत्यक्ष, काही ऑनलाइन. सी-डॅकही अशा कार्यशाळा घेते. जागा मर्यादित असल्याने बहुतेक वेळा निवड होते. अर्जात मार्गदर्शक किंवा विभागप्रमुखांचे पत्र आणि ‘हे शिकून कोणते संशोधन करणार’ याच्या चार ओळी मागितल्या जाऊ शकतात. त्या चार ओळी नेमक्या असाव्यात. ‘मला आवड आहे’ एवढे पुरत नाही. ‘तापी खोऱ्यातल्या पावसाचे ३० वर्षांचे आकडे तपासायचे आहेत’ असे लिहिले की वाचणाऱ्याला गरज कळते.

तिसरी वाट : उन्हाळ्यात दोन महिने

देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी समर रिसर्च फेलोशिप देतात. निवड झालेला विद्यार्थी किंवा शिक्षक दोन महिने नामवंत संस्थेत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो. विद्यावेतनही मिळते. अर्ज साधारण वर्षाच्या अखेरीस मागवले जातात. महासंगणकावर काम करणारा मार्गदर्शक मिळाला तर खरे शिक्षण तिथेच होते.

चौथी वाट : नोकरीसाठी डिप्लोमा

ज्याला संशोधनापेक्षा यंत्र सांभाळण्याच्या नोकरीत रस आहे, त्याच्यासाठी सी-डॅकचा एचपीसी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशनचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. प्रवेश ‘सी-कॅट’ परीक्षेतून होतो. हा कोर्स फुकट नाही, फी चांगलीच आहे. त्यामुळे पात्रता, फी, वसतिगृह आणि आधीच्या तुकड्यांना मिळालेल्या नोकऱ्या यांची चौकशी करूनच पैसे भरावेत.

यंत्रावर खाते कसे मिळते?

एकट्या विद्यार्थ्याला सहसा खाते मिळत नाही. मार्गदर्शक प्राध्यापकांच्या नावाने संशोधनाचा प्रस्ताव जातो. म्हणून विद्यार्थ्याइतकाच प्राध्यापकही यात असायला हवा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली बहुतांश महाविद्यालये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत. जळगावच्या केळी संशोधन केंद्रात आणि धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शेतीचे प्रश्न रोज समोर येतात. प्रश्न इथले, आकडे इथले. गणित करायला यंत्र पुण्याचे, असे काम जुळू शकते.

महाविद्यालयांसाठी आणखी एक पर्याय आहे. सी-डॅकचा ‘परम शावक’ हा टेबलाशेजारी मावणारा छोटा सुपर कॉम्प्युटर खास शिक्षणसंस्थांसाठीच बनवला आहे. त्याला मोठी इमारत किंवा वेगळी थंडगार खोली लागत नाही. दोन-तीन कॉलेजांनी मिळून विचार केला तर सरावाची सोय तालुक्याच्या जवळ येऊ शकते.

पैशांचे काय?

पीएचडीला प्रवेश झाल्यावर बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप त्या-त्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे. चोपडा, शिरपूर, साक्री भागातल्या मुलामुलींनी जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि बँक खात्याला आधार जोडणी ही कामे आधीच उरकून ठेवावीत. जाहिरात निघाल्यावर दाखल्यासाठी धावपळ केली तर तारीख हातची जाते.

एक सावधगिरी हवी. ‘सुपर कॉम्प्युटर कोर्स, नोकरीची हमी’ असे मेसेज व्हॉट्सॲपवर आले की लगेच पैसे पाठवू नयेत. अर्ज आणि फी संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच भरावी. शंका आली तर संस्थेच्या कार्यालयात फोन करून खात्री करावी.

या आठवड्यात काय करता येईल?

एमएस्सी किंवा इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने तीन कामे करावीत. लिनक्सचा पहिला मराठी धडा बघावा. ‘स्वयम’वर खाते उघडावे. आणि आपल्या सरांना किंवा मॅडमना विचारावे, ‘आपल्या विभागाचा कोणता प्रश्न एवढ्या मोठ्या गणिताचा आहे?’ घरच्यांनीही एक करावे. पोरगी रात्री लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे टंकत बसली असेल, तर तिला नुसता टाइमपास करतेय म्हणून उठवू नये. कदाचित तिचे काम पुण्याच्या रांगेत नंबराला लागले असेल.