टपावरची होडी आणि वारा

उन्हाळा आला की आपल्यातली बरीच मंडळी कनू गाडीच्या टपावर बांधून डेलावेअर नदीकडे निघतात. गेल्या वर्षी आम्हीही निघालो. निघताना दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ होता. वाटेत पावसाची सर आली, आणि हायवेवर थोड्याच वेळात होडीचे पुढचे टोक काचेसमोर डुलू लागले. मागच्या सीटवर मुले. गाडी कडेला घेईपर्यंत आमच्या तोंडाला कोरड पडली. होडी पडली नाही. पण आमच्या मागच्या गाडीतही कुणाची तरी मुले असतील, हा विचार अजून जात नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० मैलांवर समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ११ किलो भार येतो. ६० मैलांवर तो दुप्पट नव्हे, चौपट होतो, म्हणजे ४४ किलो. त्यात समोरून २० मैलांचा वारा असला तर आकडा ७८ वर जातो!

शिवाय काचेवर आदळलेली हवा वर वळते आणि पालथ्या होडीचे टोक खालून उचलते. टोक जरा उचलले की वाऱ्याला आणखी जागा मिळते. पाच मीटरची होडी म्हणजे लांब तरफच. टोकावरचा थोडा जोरही टपावरच्या बांधणीला जड जातो. शेजारून ट्रक गेला की बाजूचा धक्का वेगळाच.

आमचे चुकले कुठे? टपावर दोन दोर होते, टोकांना एकही नव्हता. आणि दोर नायलॉनचा. नायलॉन पाणी शोषतो आणि ओला झाला की सैल पडतो. पॉलिएस्टर फारसे पाणी शोषत नाही. डॉक्टरेट रसायनशास्त्राची, आणि हे आठवले रस्त्याच्या कडेला!

तेव्हा मंडळी, एवढे कराच. टपावर पॉलिएस्टरचे दोन रुंद पट्टे घ्या. पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे तो वाऱ्यात फडफडत नाही. पुढचे आणि मागचे टोक गाडीच्या खालच्या भक्कम कड्यांना स्वतंत्र दोरांनी बांधा. दहा-पंधरा मैलांवर थांबून सगळे पुन्हा ताणून पाहा, पाऊस पडला तर पुन्हा एकदा. आणि ७० ऐवजी ५५ ने चला. वाऱ्याचा जोर जवळजवळ ४० टक्क्यांनी उतरतो. नदी काही पळून जात नाही.