सरकत्या बर्फावरची झोपडी

स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला रेल्वेने जाऊन बर्फ पाहून आलेले मराठी पर्यटक आता घरोघरी भेटतात. आयगर, युंगफ्राउ ही नावं त्यांच्या तोंडी असतात. त्या स्थानकापासून सरळ पूर्वेला अकराएक किलोमीटरवर या दोन्हींपेक्षा उंच असलेलं फिन्स्टरारहॉर्न मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. उंची 4,274 मीटर, बर्नीज आल्प्समध्ये सर्वाधिक. त्याच्या पायथ्याशी ना गाव, ना रस्ता. सगळीकडून हिमनद्यांनीच वेढलेलं हे शिखर.

त्याची धार पाण्याची वाटणी करते. पश्चिमेकडचा बर्फ फीशर हिमनदीतून उतरतो, वितळून ऱ्होनला मिळतो आणि भूमध्य समुद्र गाठतो. पूर्वेकडचं पाणी आरे नदीतून ऱ्हाईनमध्ये आणि पुढे उत्तर समुद्रात जातं. धारेवर हातभर अंतराने पडलेल्या हिमकणांचे समुद्रही वेगळे होऊ शकतात!

मला या पर्वताचं खरं मोल वाटतं ते त्याच्या पूर्व अंगाला. तिथली फिन्स्टरार आणि शेजारची लाउटरार या दोन हिमनद्या एकत्र येऊन उंटरार हिमनदी होते. दोघींनी काठांवरून वाहून आणलेला दगडगोटा संगमापाशी जुळतो आणि पुढे बर्फाच्या मधोमध काळा पट्टा होऊन मैलोन् मैल जातो. या संगमाजवळ 1827 मध्ये फ्रान्झ योसेफ हुगी या स्विस भूवैज्ञानिकाने निवाऱ्यासाठी झोपडी बांधली. त्याच्याच मोहिमेतल्या याकोब लॉइटहोल्ड आणि योहान व्हेरेन या वाटाड्यांनी 1829 मध्ये शिखर गाठलं. हुगी स्वतः खालच्या खिंडीतच थांबला होता. ती खिंड आज त्याच्या नावाने ओळखली जाते.

झोपडी मात्र जागेवर राहिली नाही. 1839 मध्ये हिमनद्यांचा अभ्यासक लुई आगासी तिथे पोहोचला, तेव्हा ती मूळ जागेपासून किलोमीटरभराहून अधिक खाली गेली होती. वर्षाला साधारण 100 मीटर! बर्फ वाहतो, हे डोंगरातले लोक जाणत होतेच. आता त्याचं माप हाती आलं. आगासीने पुढे हिमनदीच्या आडव्या रेषेत खुंट रोवले. वर्षभरानंतर मधले खुंट काठच्या खुंटांपेक्षा बरेच पुढे गेलेले दिसले. काठावरचा बर्फ कातळाला घासत अडखळतो, मधल्याला तेवढा अडथळा नसतो.

या वाहण्यामागे बर्फाचं स्वतःचं वजन आणि उतार असतो. म्हणून तापत्या हवेत उंटरारची जाडी घटत गेली, तसा तिचा वेगही मंदावत गेला.