दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांची अळ्यांवर वाढणारी पिल्ले

बंगळूरुच्या उत्तरेकडील हेब्बाळ परिसर कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रांमुळे कृषी क्षेत्राला परिचित आहे. शहराची हद्द ओलांडली की नाचणी व मक्याची शेते लागतात. पावसाळ्यात अशा शेतांलगत, शिंदीच्या झावळ्यांना किंवा विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबू लागतात. कणीस दुधावर आले की हे पक्षी थव्याने पिकावर उतरतात. त्यामुळे सुगरण हा पिकाचा शत्रू, अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु घरट्यातील पिल्लांच्या आहाराकडे पाहिल्यास हे चित्र बदलते.

सुगरण किंवा चिमणीचे नवजात पिल्लू आंधळे व पिसांविना असते. सुरुवातीचे काही दिवस त्याला स्वतःच्या शरीराचे तापमानही राखता येत नाही. त्याला पंखाखाली ऊब द्यावी लागते. टणक दाणा त्याला मानवत नाही आणि घरट्यात पाणीही उपलब्ध नसते. अळ्या, नाकतोडे यांसारख्या मऊ भक्ष्यातून त्याला प्रथिने व पाणी दोन्ही मिळतात. म्हणूनच मुख्यतः धान्यावर जगणारे पालकही पिल्लांसाठी कीटक वेचून आणतात.

चिमणीच्या घरट्यात नर व मादी दोघेही घास भरवतात. सुगरणीचा संसार मात्र निराळा आहे. डॉ. सालीम अली यांनी रायगड जिल्ह्यातील अलिबागजवळच्या किहीम येथे या पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण करून 1931 साली ते प्रसिद्ध केले. घरटे नर विणतो. अर्धवट घरटे मादीने पसंत केल्यावर तो ते पूर्ण करतो आणि पुढे दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे बांधण्यास घेतो. मराठीने विणकामाचे श्रेय मादीला दिले असले, तरी ती कला नराची आहे. संगोपनाचा भार मात्र खरोखर तिचाच. दोन ते चार अंडी सुमारे दोन आठवडे उबवणे आणि त्यानंतर पिल्ले उडेपर्यंत आणखी दोन आठवड्यांहून अधिक काळ त्यांना भरवणे, हे काम बहुतांशी ती एकटीच करते.

धोका नेमका येथेच आहे. फवारणीनंतर विषबाधा झालेली अळी सुस्तावते, सहज सापडते आणि पिल्लाच्या चोचीत जाते. मादीच दगावली, तर बहुधा संपूर्ण घरटे उपाशी मरते. कीड तेवढी काही दिवसांत पुन्हा वाढते; तिला वेचणारे पक्षी मात्र उरत नाहीत.

अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम 2018 साली कर्नाटकातच आढळली. तिच्या एकात्मिक व्यवस्थापनात मक्याच्या पहिल्या 30 दिवसांत एकरी 10 पक्षीथांबे उभारण्याची शिफारस आहे. कोतवाल, साळुंकी हे पक्षी त्यांवर बसून अळ्या टिपतात. याच्या जोडीला विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवाव्यात :

• बांधावरील बाभूळ, शिंदी राखावी. वापरातील घरटी पाडू नयेत.
• किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याशिवाय रासायनिक फवारणी करू नये.
• दाणे भरू लागताच पक्षीथांबे काढावेत आणि चकाकणाऱ्या फिती लावून पक्ष्यांना पिकापासून दूर ठेवावे.

दुधावरील कणसांची राखण आवश्यकच आहे. परंतु ती काही दिवसांची बाब आहे. त्याआधीच्या आठवड्यांत तीच सुगरण अळ्या वेचत असते, याचाही हिशेब शेतकऱ्याने मांडावा.