दसऱ्यानंतरचा भाज्यांचा कीश

घट उठले की आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या घरात अंडी परत येतात, आणि त्याच आठवड्यात मी भाज्यांचा कीश करायला घेते. कीश मूळचा फ्रान्सच्या ईशान्येकडच्या लोरेन प्रांतातला. मैद्याच्या खुसखुशीत पारीत अंडी आणि सायीचं मिश्रण ओतून तो ओव्हनमध्ये भाजतात. लोरेनमध्ये त्यात खारवलेलं डुकराचं मांस असतं, आणि जुन्या रीतीत चीज नसतं. घरगुती जेवणाला मला भाज्यांचाच कीश आवडतो. त्यात दोन गोष्टी जपाव्या लागतात : बटर गार हवं आणि भाजी कोरडी हवी.

शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो. ते पिठाच्या कणाकणात मुरतं. इथे उलट करायचं. 200 ग्रॅम मैद्यात फ्रीजमधून काढलेल्या 100 ग्रॅम बटरचे तुकडे टाकून बोटांच्या टोकांनी भराभर चोळायचे. तळव्याची ऊब लागू द्यायची नाही. पिठाचा रवा झाला, मधेमधे मटाराएवढे तुकडे दिसत राहिले, की थांबायचं. ते तुकडे ओव्हनमध्ये वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि पारीला पदर सुटतात. तीन-चार चमचे बर्फाचं पाणी घालून गोळा जेमतेम जमवायचा. मळायचा नाही, नाहीतर पारी चिवट होते. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे काम मी सकाळीच उरकते आणि गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवते.

भाज्या वडाळा-पाथर्डी रस्त्यावरून येतात. फ्रान्समध्ये या दिवसांत लीक आणि भोपळा घालतात. लीकच्या जागी मी कांद्याची पात घेते, लाल भोपळा आपला आहेच. कांदा मात्र मुद्दाम कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ मागून घेते. नव्या लाल कांद्याला पाणी जास्त सुटतं. चाळीत काही महिने राहिलेला उन्हाळ कांदा मंद आचेवर परतला की छान गोड होतो. टोमॅटोचा मोह होतो, कारण हा पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटोचा हंगाम. पण घालायचाच तर बिया आणि गर काढून, वरून दोन-चार चकत्या. पालक परतून घट्ट पिळायचा. भोपळ्याच्या फोडी झाकण न ठेवता परतायच्या. भाजीत राहिलेलं पाणी मिश्रणात उतरतं, मग ते आळत नाही आणि पारीचा तळ ओला राहतो.

पारी लाटून नऊ इंची डब्यात बसवायची, काट्याने टोचायची. वर बटर पेपर घालून त्यावर राजमा पसरायचा, म्हणजे ती फुगत नाही. 190 अंशांवर पंधरा मिनिटं, मग राजमा काढून आणखी सात-आठ मिनिटं. हा राजमा नंतर शिजवायला घेऊ नये. बरणीत भरून ठेवला तर दरवेळी कामी येतो.

तीन अंडी, 200 मिली दूध, 100 मिली क्रीम, मिरपूड आणि किंचित जायफळ फेटायचं. खारं बटर आणि चीज असेल तर मीठ बेतानेच. पारीत गार झालेली भाजी, मूठभर किसलेलं चीज, वर मिश्रण. 180 अंशांवर साधारण पस्तीस मिनिटं. कडा आळलेल्या आणि मधला भाग किंचित थरथरतोय, अशा वेळी बाहेर काढायचा. दूध-अंड्याचं मिश्रण 80 अंशांच्या आसपास आळतं. त्याहून फार तापलं तर अंड्यातली प्रथिनं आवळतात, पाणी सोडतात आणि मिश्रण दाणेदार होतं. उरलेलं आळणं ओव्हनबाहेर, आतल्या उष्णतेवरच होतं, म्हणून वीस मिनिटं सुरी लावायची नाही.

सोबत काकडीची कोशिंबीर पुरते. आमच्या शेजारच्या काकू अंडी खात नाहीत. त्यांच्यासाठी मी पातळ भिजवलेलं बेसन याच पारीत, याच भाज्यांवर ओतून भाजते. ते चवदार होतं, काकू आवडीने खातात, पण मी त्याला कीश म्हणत नाही. अंड्याचा तो मऊपणा बेसनाला येत नाही. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी झाकण ठेवून मंद तव्यावर गरम करावा. मायक्रोवेव्हमध्ये पारी मऊ पडते आणि सकाळची मेहनत वाया जाते.